आईंची संकष्टी आता कुणी धरायची?

पत्र असं आहे, थोडं कापून देते:

"ताई, मी सत्तेचाळीस वर्षांची. कर्वेनगरला राहतो आम्ही. मी, हे, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई. आई बहात्तरच्या आहेत. लग्नाआधीपासून संकष्टी करतात. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. आषाढातल्या संकष्टीला सकाळी चहाबरोबर गोळी घेतली, दुपारी वाटीभर खिचडी खाल्ली आणि रात्री चंद्राची वाट बघत गॅलरीत बसल्या. कॅलेंडरात पावणेदहाच्या सुमाराची वेळ होती, पण आभाळ भरलेलं. 'दिसल्याशिवाय कशी सोडू?' म्हणत अकरा वाजवले. उठायला गेल्या तर दरदरून घाम, हात थरथरत होते, काय बोलतायत ते कळेना. साखर ५४ निघाली. साखरपाणी दिल्यावर सावरल्या. हे त्यांच्यावर फार ओरडले, 'उद्यापासून ही थेरं बंद' म्हणाले. तेव्हापासून आई यांच्याशी कामापुरतंच बोलतात. चार दिवसांनी मला म्हणाल्या, 'बरं, मी सोडते. पण घरातली संकष्टी मोडायची नाही. आता तू धर.' ताई, माझं ऑफिस हिंजवडीला. जाण्यायेण्यात तीन तास जातात. उपाशी राहिलं की माझं डोकं फुटायला येतं. आणि खरं सांगते, माझी तेवढी श्रद्धाही नाही. नाही म्हणावं तर त्या पुन्हा स्वतः धरतील आणि काही झालं तर ते माझ्यावर येईल. त्यात परवा कळलं की मधल्या एकादशीला त्यांनी गोळीच घेतली नव्हती. श्रावणातली संकष्टी तोंडावर आली आहे. काय करू?"

सगळ्यात आधी ती गोळी. श्रद्धा, मान, अबोला हे सगळं आठवडाभर थांबेल. गोळीचं थांबणार नाही.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. मी डॉक्टर नव्हे, पण घरातली दोन मधुमेही माणसं सांभाळलीत, त्यावरून एवढं नक्की सांगते की मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली येण्याची भीती कमी. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात घास असो वा नसो. पुष्कळदा एकाच गोळीत दोन्ही औषधं असतात, म्हणून पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. अशी गोळी सकाळी घेऊन माणूस दिवसभर वाटीभर खिचडीवर राहिलं तर रात्री ५४ दिसणं यात नवल काही नाही. नवल आहे ते हे की इतकी वर्षं तसं झालं नाही.

आता एकादशीची गोष्ट. आईंनी मनाशी हिशेब मांडला की गोळीनं चक्कर आली, तर उपवासाला गोळीच नको. वरवर बरोबर वाटतो, पण आहे उलटा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पोटात गेला की त्याची साखरच होते. गोळीशिवाय त्यावर दिवस काढला की साखर चढत जाते. उतरलेली साखर घाम फोडते, हात थरथरवते, घरभर धावाधाव करायला लावते. चढलेली मात्र गप्प बसते, आणि आईंना वाटतं, बघा, काही झालं का? त्यांना रागावून काही होणार नाही. संकष्टीच्या आधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी. आणि तिथं "आईंनी उपवास करावा का?" असं विचारू नका. समोर वीस पेशंट बसलेत, डॉक्टर अर्ध्या मिनिटात "अजिबात नाही" म्हणतील, आई मान डोलावतील आणि पुढच्या महिन्यापासून तुम्हालाही सांगायच्या बंद होतील. विचारायचं असं: "आई महिन्यातून एकदा रात्री नऊ-दहापर्यंत पूर्ण जेवत नाहीत. त्या दिवशी कुठली गोळी, किती, कितीला? मध्ये काय खाल्लं तर चालेल? साखर किती वाजता तपासायची?" हा प्रश्न डॉक्टरांना उत्तर देता येण्यासारखा आहे. त्यावरही ते नाहीच म्हणाले, मूत्रपिंडामुळे, हृदयामुळे, कशानंही, तर मग नाही. तिथं माझा किंवा पंचांगाचा काही अधिकार चालत नाही.

तोवर एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ असू द्या, मुलीलासुद्धा. मशीनवर ७० च्या खाली आकडा आला की चंद्र, नैवेद्य, आरती सगळं बाजूला. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, लगेच. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर, आणि सावरल्यावर पोटात नीट काहीतरी. माणूस गिळण्याच्या अवस्थेत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना. आणि हो, बोटाला सुई टोचल्यानं उपवास मोडत नाही. हसू नका, माझ्या आईनं मला हे गंभीरपणे विचारलं होतं.

माझ्या आईचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण मी जी चूक केली ती तुम्ही कराल अशी मला भीती आहे. अशाच एका पावसाळी संकष्टीला, तिला उशीर होऊ नये म्हणून, मी चंद्रोदयाची वेळ पाऊण तास अलीकडची सांगितली. ती बिचारी जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी घेताना शेजारच्या काकूंनी सहज म्हटलं, "काल फारच उशिरा होता नाही चंद्र?" पुढची दोन वर्षं आईनं चंद्राची वेळ मला विचारली नाही. ती काकूंना फोन करायची, माझ्यासमोर. तेव्हा हे लहान मुलांसारखं फसवणं नको. वयस्कर माणसाचं आयुष्यभराचं व्रत खोटं बोलून सोडवलं, की त्यांना ते आपण चोरल्यासारखं वाटतं.

खोटं बोलायची गरजही नाही. चंद्राच्या बाबतीत शास्त्र आईंच्या समजुतीपेक्षा बरंच मऊ आहे. संकष्टी म्हणजे वद्य पक्षातली चंद्रोदयाला असलेली चतुर्थी. चंद्रोदय असला पाहिजे, चंद्र दिसलाच पाहिजे असं नाही. ढग असतील तर पंचांगातली वेळ झाली की पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यायचं आणि जेवायला बसायचं. ही पावसाळ्यातली पळवाट नव्हे. नाहीतर कोकणात आषाढ-श्रावणात कुणी जेवलंच नसतं.

शिवाय कॅलेंडरातली वेळ असते चंद्र क्षितिजावर येण्याची. तुमच्या गॅलरीतून क्षितिज दिसतं का? कर्वेनगरात पूर्वेला समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, फार तर पाण्याची टाकी. त्यावरून चंद्र वर यायला चांगल्या आभाळातसुद्धा अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे आई शास्त्रासाठी थांबल्या त्यातला बराच वेळ बिल्डरसाठी थांबल्या. हे त्यांना हसत सांगून बघा. (वेळ पुण्याची बघा एवढंच. मुंबईत चंद्र आपल्यापेक्षा चार-पाच मिनिटं उशिरा उगवतो, नागपूरला वीसेक मिनिटं आधी, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळ्या गावांच्या वेळा एकत्र फिरत असतात.)

ही वेळ वर्षभर सारखी नसते. वैशाख-ज्येष्ठात चतुर्थीचा चंद्र दहा वाजवतो. श्रावणात तो नवाच्या आसपास येतो आणि भाद्रपद-आश्विनात साडेआठच्या पुढेमागे. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, पण त्या दोन महिन्यांत हा रोजचा उशीर सगळ्यांत कमी असतो. तेव्हा आईंच्या पुढच्या दोन-तीन संकष्ट्या तशाही सोप्या आहेत. अवघड दिवस उन्हाळ्यातले, त्याला अजून वेळ आहे.

आता त्या वाटीभर खिचडीविषयी, कारण खरा घोटाळा तिथंही आहे. आईंना "शास्त्रात बसतं" ते हवं असतं ना? मग त्या वाटीत काय आहे ते बघू. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आपल्याकडे येतो तो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडून, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच. शेंगदाणा तिकडचा. हिरवी मिरची मेक्सिकोकडची. सोबतीला रताळ्याचा कीस केलात तर रताळंही अमेरिकेतलंच. पोर्तुगीज आले नसते तर पुण्यातल्या संकष्टीच्या ताटात तूप, जिरं आणि मीठ एवढंच उरलं असतं. कुठल्याही पुराणात साबुदाणा नाही. तरी आपल्या आज्या-पणज्यांनी तो एवढा मनापासून स्वीकारला की आज उपवासाची मिसळ मिळते आणि कोथिंबीर चालते का यावर दोन घरांत वाद होतो, पण साबुदाण्यावर कुणी बोट ठेवत नाही. तेव्हा त्याच्या जागी आईंच्या ताटात ताक, दूध, दही, फळ, मूठभर भाजलेले दाणे, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आली तर व्रत काही बुडत नाही. किती आणि कितीला, ते डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञाला विचारा. पण दुपारी एकदा वाटीभर आणि मग एकदम रात्री, हे चालणार नाही एवढं आत्ताच सांगते. रात्रीचंही तेच. दिवसभर रिकाम्या पोटी आणि साडेनऊला वरणभात, बटाट्याची भाजी, वर पाच उकडीचे मोदक, म्हणजे आधी विहिरीत आणि मग माडीवर.

"दूध-फळं खात राहिले तर तो उपवास कसला?" हे येणारच. यासाठी एक जुना श्लोक लिहून ठेवा. मी हा अनेक घरांत वापरलाय:

अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः ।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥

आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. शेवटचा शब्द दोनदा वाचून दाखवा. एकादशीला गोळी न घेऊन आईंनी जे वाचवलं असं त्यांना वाटतं, ते गोळी घेतल्यानं मोडणारच नव्हतं. व्रतांवर लिहिणाऱ्या निबंधकारांनी हा श्लोक पुन्हा पुन्हा दिलाय. व्रतांचा सगळा पसारा कुणाला बघायचाच असेल तर महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाचा पाचवा खंड आहे. आपल्याच लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेनं तो ग्रंथ छापला, १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते काम चाललं, आणि पुढच्याच वर्षी काण्यांना भारतरत्न मिळालं. तो वाचताना एक गोष्ट लक्षात येते. व्रताचे नियम सांगणारी माणसं सवलतीही तितक्याच बारकाईनं सांगत होती. आजारी, अशक्त, गरोदर, म्हातारी माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. कडकपणा पुष्कळदा आपल्या घरात तयार होतो.

एक सावधगिरी. आई हुशार असतील तर दोन उत्तरं देतील. पहिलं, एकादशीचा उपवास आठ वर्षांच्या पुढच्या आणि ऐंशी पूर्ण न झालेल्या माणसानं करावा असं वचन आहे, त्या म्हणतील, "मला अजून आठ वर्षं आहेत." हसून सोडून द्या, ते वचन धडधाकट माणसासाठी आहे. दुसरं, अथर्वशीर्षातलं: "चतुर्थ्यामनश्नन् जपति स विद्यावान् भवति." चतुर्थीला न खाता जप करतो तो विद्यावान होतो. ते आहेच. पण त्याच्या थोडं पुढे गेलं की दूर्वांकुरांनी पूजन करणारा आहे, लाह्यांनी करणारा आहे, सहस्र मोदकांनी करणारा आहे, आणि प्रत्येकाला आपापलं फळ आहे. उपाशी राहणं हा एकच दरवाजा तिथं नाही. बहात्तराव्या वर्षी विद्यावान होण्यापेक्षा दूर्वा वाहणं बरं, असं मी माझ्या आईला म्हटलं होतं. ती म्हणाली, "तुला व्हायचं असेल तर तू हो विद्यावान."

तेवढं एक व्याख्यान मात्र देऊ नका, 'उपवास म्हणजे उप अधिक वास, देवाजवळ राहणं'. पुण्यातल्या प्रत्येक बहात्तर वर्षांच्या बाईनं ते किमान पन्नास वेळा ऐकलेलं असतं आणि दरवेळी सांगणारा पोटभर जेवलेला असतो.

आता तुमचा खरा प्रश्न. "तू धर."

इथं मी आईंची बाजू थोडी घेणार आहे, रागावू नका. तुम्हाला हे ओझं वाटतंय आणि ते आहेच. पण त्या काय म्हणाल्या ते पुन्हा ऐका. पन्नासहून जास्त वर्षांची, दर महिन्याची, कधी अधिक महिन्याची तेरावीसुद्धा, अशी एक गोष्ट मुलाच्या एका ओरडण्यासरशी संपते आहे. ती रात्री अकरा वाजता घाम पुसत संपू नये, कुणीतरी हातात घ्यावी, एवढंच त्या मागतायत. अंगारकीला पहाटे उठून सारसबागेतल्या तळ्यातल्या गणपतीला जाणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं बघते. त्यांतल्या पुष्कळजणींना नवस वगैरे काही आठवतही नाही. कधीतरी मूल आजारी होतं म्हणून, नवऱ्याची नोकरी जायची होती म्हणून धरलेली असते, आणि कारण सरलं तरी चतुर्थी राहते. तुमच्या सासूबाईंनी कशासाठी धरली होती, विचारलंयत कधी? मला वाटतं, नसेल. विचारा. डॉक्टरांकडे जाताना रिक्षात विचारा, तिथं माणसं बोलतात.

पण तुम्ही धरायची का? माझं मत सरळ आहे, नाही. तुमची श्रद्धा नाही, डोकं दुखतं, हिंजवडीचा रस्ता आहे. सुनेनं मनाविरुद्ध धरलेला उपवास महिनाभरात घरात वास मारायला लागतो. सहा महिन्यांनी तुम्ही ऑफिसात गुपचूप सँडविच खाल, त्यांना कळेल, आणि मग आज मुलाशी आहे तो अबोला तुमच्याशी होईल.

शास्त्रालाही तुम्हीच हव्यात असं नाही. ज्याला स्वतः व्रत करणं शक्य नाही त्यानं प्रतिनिधीकडून करून घ्यावं ही सोय जुनीच आहे, त्यामुळे आई मागतायत ते त्यांच्या मनातून काढलेलं नाही. नवऱ्याचं बायकोनं करावं, बायकोचं नवऱ्यानं, नाहीतर मुलानं, बहिणीनं, भावानं, कुणीच नसेल तर ब्राह्मणानं. मी वाचलेल्या याद्यांमध्ये सून नाही. मुलगा आहे. आणि तोही नुसता 'पुत्र' नाही, 'पुत्रं विनयोपेतं' असं म्हटलंय, विनयानं वागणारा मुलगा.

तेव्हा संकष्टी तुमच्या यजमानांनी धरावी.

मी गंमत करत नाही. घाबरले म्हणून ते ओरडले, हे मला पत्रातून दिसतंय, आणि आईलाही ते कुठेतरी दिसत असणार. पण त्या ओरडण्यात 'थेरं' हा शब्द गेला. माफी मागायला आपल्याकडच्या पन्नाशीच्या पुरुषांची जीभ रेटत नाही, त्यापेक्षा त्यांना एक दिवस न जेवणं सोपं जाईल. त्यांनी आईसमोर बसून एवढंच म्हणावं, "आई, या वर्षीच्या संकष्ट्या मी करतो. तू पूजा कर, अर्घ्य तू दे, नैवेद्य तू दाखव, आणि वेळेवर जेव. न जेवण्याचं माझ्याकडे." त्यांची प्रकृती ठीक आहे ना ते बघा; पन्नाशी आली की त्यांचीही साखर तपासून घेतलेली बरी, घरात मधुमेह आहे.

ते नाही म्हणाले तर? म्हणतील कदाचित. "माझा या सगळ्यावर विश्वास नाही" म्हणतील. त्यावर तुमचं उत्तर तयार ठेवा: "माझाही नाही, पण मला तरी सांगितलंच ना त्यांनी." पुढचं ते दोघं बघतील. आईचा आणि मुलाचा तिढा सोडवायला सुनेनं उपाशी राहायचं, हा हिशेब मला पटत नाही. आजवर तो इतक्या घरांत चाललाय की कुणाला तो दिसतही नाही. तुमचं काम एवढंच की हा प्रश्न योग्य ताटात वाढायचा. कॉलेजातल्या मुलीला मात्र यात ओढू नका. आजी हळूच तिच्याकडे वळेल, "तू तरी" म्हणून. तिला हवं असेल तर ती स्वतः विचारेल.

आईंना नाही कसं म्हणायचं? नवऱ्यामार्फत नको, देवघरासमोरही नको. मोदकाची उकड मळताना किंवा भाजी निवडताना म्हणा. "आई, मी धरली तर मनापासून होणार नाही, आणि तुमची संकष्टी अर्धवट मनानं करायची माझी इच्छा नाही. त्या दिवशी मी लवकर घरी येईन, स्वयंपाक माझा." मी ओळखते त्या बहुतेक सासूबाईंना अर्ध्या मनाचा उपवास नकोच असतो. त्यांना भीती असते ती त्या दिवशी घरात नेहमीचाच मंगळवार असेल याची. जास्वंदीचं फूल कुणी आणणार नाही, आरतीला कुणी उभं राहणार नाही, याची.

एवढं सगळं करूनही त्या म्हणाल्या की मला पूर्ण सोडायचंच आहे, तर त्यासाठी उद्यापन आहे. चांगल्या दिवशी, गुरुजींना बोलावून, एकवीस मोदक, एक मेहूण जेवायला, आई पाटावर बसलेल्या. म्हणजे ती गोष्ट त्यांनी पुरी केली असं होतं, तुमच्या यजमानांनी बंद पाडली असं होत नाही. गुरुजी ठरवताना आधी फोनवर त्यांना मधुमेहाचं सांगून ठेवा. मी बघितलेले पुण्यातले जुने गुरुजी याबाबतीत डॉक्टरांपेक्षा रोखठोक असतात. आमच्याकडच्या गुरुजींनी माझ्या आईला सांगितलं होतं, "आजी, गणपतीला तुंदिलतनू म्हणतात. त्याला उपाशी माणसांचं फार कौतुक असेल असं मला वाटत नाही." त्यांचं ऐकून तिनं दूध घ्यायला सुरुवात केली. माझं सहा महिने ऐकलं नव्हतं. 'गुरोर्वचनम्' आठांत का घातलंय ते मला तेव्हा कळलं.

श्रावणातल्या दिवसाचं थोडं ठरवून ठेवा. डॉक्टरांनी सांगितलेली गोळीची वेळ कॅलेंडरवर त्या चौकोनातच लिहा, चंद्रोदयाच्या शेजारी, आणि ती आईंच्याच हातानं लिहून घ्या. दुपारी चारला आणि संध्याकाळी सातला साखर बघा, डॉक्टर वेगळं म्हणाले तर त्यांच्या वेळेला. ती संकष्टी मंगळवारी आली असेल तर सारसबाग किंवा दगडूशेठची रांग त्या दिवशी नको. अंगारकीच्या रांगेत धडधाकट माणूस गळतो. बुधवारी सकाळी न्या, गर्दी नसते, गणपती तोच असतो. गॅलरीत खुर्ची ठेवा, पण जेवणाची पानं चंद्रोदयाच्या वेळेला मांडून तयार असू द्यात. आणि मोदक करायचे तर लहान करा. एकवीसचा नैवेद्य दाखवला तरी आईंच्या पानात एक वाढा. दुसरा त्या मागतील. तेव्हा तुमच्या यजमानांकडे बघा, उपाशी ते असतील.